खानापूरचा पाऊस, दारातला स्पीकर आणि धुमेवरची कणीक

गाडीतल्या स्पीकरवर भजनातला पखवाज नीट ऐकू यावा म्हणून केलेल्या कामाची ही गोष्ट. गाडी लहान, पेट्रोलची, २०१४ चं मॉडेल, केए-२२ पासिंग. २०२२ मध्ये सेकंड हँड घेतली. आम्ही बेळगावात अनगोळला राहतो आणि तात्या, म्हणजे माझे वडील, गावी जांबोटीच्या बाजूला. दर शनिवारी संध्याकाळी मी गावी जातो आणि रविवारी बऱ्याचदा तात्यांना घेऊन शहरात येतो. तात्यांनी चाळीसेक वर्षं भजनात पखवाज वाजवला. आता गुडघे धरलेत, सप्ताहात रात्रभर बसणं होत नाही, म्हणून गाडीत भजनाची रेकॉर्डिंग ऐकणं हा त्यांचा मोठा आनंद. पहिल्याच फेरीत त्यांनी विचारलं, "टाळ वाजायलेत, गवई म्हणायलाय, पखवाज्या कुठं गेलाय गा?"

कंपनीच्या स्टिरिओमधून खरोखरच पखवाज येत नव्हता. धारवाड आकाशवाणीच्या बातम्या नीट ऐकू यायच्या, फोनवरचं बोलणंही यायचं. खालचा स्वर मात्र नाही. आवाज वाढवला की समोरची दारं भर्र वाजायची आणि गवयाचा आवाज फाटायचा.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये तपासणीचं काम करतो. व्हर्नियर, मायक्रोमीटर, मल्टीमीटर ही रोजची हत्यारं, पण गाडीच्या साउंडचं काम याआधी कधी केलं नव्हतं. ते शिकत केलं, दोनदा चुकलं, दोन्ही चुकांची कारणं सापडली. तीच इथे सविस्तर लिहितो. आपल्या भागातला पाऊस हा या प्रकरणातला एक मुख्य पात्र आहे, आणि त्याबद्दल मला आधी कुणी बोललं नव्हतं.

दुकानातला सल्ला आणि कागदावरचा हिशोब

शहरातल्या एका दुकानात विचारलं. त्यांनी मोठी स्क्रीन, मागच्या ट्रेवर अंडाकृती स्पीकर आणि डिकीत १२ इंची बेसचा डबा असा ३८,००० चा आकडा दिला. स्क्रीनच्या खोक्यावर "५० वॅट × ४" छापलेलं होतं. त्या आकड्यापाशी मी थांबलो. स्टिरिओच्या पाठीमागे १० अँपिअरचा फ्यूज असतो. गाडी चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास. १४ गुणिले १० म्हणजे १४० वॅट, तेही सगळ्या यंत्राला मिळून, त्यातली बरीच उष्णता होऊन जाणारी. मग चार स्पीकरना मिळून २०० वॅट सतत येणार कुठून? खोक्यावरचा आकडा क्षणभराच्या शिखराचा असतो. सतत मिळणारी खरी ताकद एका स्पीकरमागे १५ ते २० वॅट असते, कंपनीच्या साध्या स्टिरिओची आणि नव्या स्क्रीनचीही. म्हणजे स्क्रीन बदलून पखवाज येणार नव्हता.

दुसरा हिशोब डेसिबलचा. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. उलट ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा (म्हणजे तेवढ्याच ताकदीवर किती मोठा वाजतो तो आकडा) स्पीकर काढून ९१ चा लावला, तर अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारं यंत्र) न बदलता दुप्पट ताकदीचा फायदा मिळतो. स्पीकर घेताना लोक खोक्यावरचे वॅट बघतात. मी म्हणेन, संवेदनशीलतेचा आकडा आधी बघा आणि वॅट मागाहून.

म्हणून ठरवलं, कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवायचा. डॅशबोर्ड उचकटायचा नाही, कंपनीची एकही वायर कापायची नाही, फक्त समोरच्या दोन दारांचे स्पीकर बदलायचे. कोल्हापूरहून ६.५ इंची कंपोनंट सेट आणला: दारात मोठा स्पीकर, आरशाच्या कोपऱ्यात वरच्या स्वरांचा छोटा ट्विटर, दोघांच्या मध्ये स्वर वाटून देणारा क्रॉसओव्हर. सोबत गाडीच्या कपलरला बसणारा जोडकपलर घेतला. वॉरंटी चालू असलेल्या गाडीत तर हा जोडकपलर लागतोच, कारण कापलेल्या वायरवरून पुढे वाद होतात.

दार उघडल्यावर

दाराचं पॅड काढणं अवघड नाही, धीर मात्र लागतो. हँडलच्या खोबणीत एक स्क्रू झाकणाखाली लपलेला असतो, तो राहिला की पॅड ओढताना तुटतं. बाकी सगळ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा. जुन्या गाडीत त्यातल्या तीन-चार मोडणारच, म्हणून दहा जास्तीच्या आणून ठेवल्या. पिवळ्या आवरणातली वायर किंवा पिवळा कपलर दिसला तर त्याला हात लावायचा नाही, ती एअरबॅगची असते.

कंपनीचा स्पीकर रिव्हेटने बसवलेला होता. हातात घेतला तर पोह्यांच्या बशीइतका हलका. चुंबक वाटीच्या बुडाएवढं, शंकू कागदाचा, चौकट प्लॅस्टिकची. रिव्हेट ड्रिलने उडवताना पत्र्याचा चुरा पडतो आणि तो नव्या स्पीकरच्या चुंबकाला ओढला जातो. शॉपमध्ये आम्ही चिप्सच्या, म्हणजे धातूच्या चुऱ्याच्या, बाबतीत जी काळजी घेतो तीच इथे घेतली: आधी चुरा ओल्या फडक्याने पुसला, मग कापडात गुंडाळलेलं चुंबक दाराच्या आतून फिरवलं. फडक्यावर मिशीसारखा काळा थर आला. तो शंकूच्या फटीत गेला असता तर स्पीकर कायमचा खरखरला असता.

मग काच पूर्ण खाली घेऊन खोली मोजली. हे विसरू नये. काच वर असताना भरपूर जागा दिसते. काच उतरली की ती चुंबकाच्या पाठीला लागू शकते. माझ्या दारात पत्र्यापासून काचेपर्यंत ५४ मिमी होते आणि स्पीकर ६१ मिमी खोल. म्हणून १८ मिमी जाडीची रिंग मध्ये घालून स्पीकर बाहेर घेतला. पलीकडे पॅडच्या जाळीला तो टेकत नाही ना हेही पाहिलं. शंकू पुढे येतो त्यासाठी जाळीमागे थोडी मोकळी जागा हवी.

आता मुख्य गोष्ट. स्पीकरचा शंकू पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे हवा ओढतो. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या उलट असतात. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठाली भोकं असतात, काचेच्या यंत्रासाठी. मागचा आवाज त्या भोकांतून बाहेर येऊन पुढच्याला मिळाला की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. वरचे स्वर वाचतात, म्हणून टाळ ऐकू येतात आणि पखवाज नाही. तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "खोडाला तडा गेल्यावर पखवाज असाच वाजतोय." खोड म्हणजे पखवाजाचं पोकळ लाकडी अंग. दार हेच स्पीकरचं खोड, आणि ते फुटकं होतं.

मी ब्युटाइलच्या (चिकट रबराच्या) डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर मारणाऱ्या, आणल्या, एका बाजूला अ‍ॅल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला काळा चिकट थर. बाहेरच्या पत्र्यावर आतून थोड्या लावल्या, रोलरने दाबून. बोटाने टकटक केल्यावर आधी डब्यासारखा आवाज यायचा, आता लाकडासारखा येऊ लागला. मोठी भोकंही शीटने बुजवली. या कामासाठी दाराच्या आतला प्लॅस्टिकचा पातळ कागद मी कापून काढला. नवीन शीट लावलीच आहे, मग त्याची गरज काय, असं वाटलं. या कागदाकडे पुढे परत यावं लागलं.

कणीक पडली

सगळं जोडून, पॅड बसवून रविवारी तात्यांना शेजारी बसवलं. गवयाचा आवाज सुंदर स्वच्छ झाला होता. तात्या डोळे मिटून पाच मिनिटं ऐकत राहिले. मग म्हणाले, "आवाज चांगला आलाय. पण धुमेवरची कणीक पडल्यागत वाजतंय बघ."

पखवाज न पाहिलेल्यांसाठी सांगतो. उजव्या पुडीवर कायमची शाई असते. डाव्या पुडीला, म्हणजे धुमेला, वाजवण्याआधी भिजवलेल्या कणकेचा गोळा लावतात. त्या वजनाने धूम खाली उतरते, गंभीर होते. कणीक वाळून पडली की धूम पोकळ वाजते. हात तोच, ताल तोच, पण पोटातला आवाज जातो.

कणीक पडल्याची ही तक्रार डोक्यात घेऊन मी स्टिरिओचा बॅलन्स (डाव्या-उजव्या आवाजाची सोय) पूर्ण डावीकडे फिरवला. धूम आली! पूर्ण उजवीकडे फिरवला, तरीही आली. मध्ये आणला की गेली. एकेकटे स्पीकर चांगले आणि दोघं मिळून वाईट, म्हणजे एका बाजूचे प्लस-मायनस उलटे जोडले गेले होते. डावा शंकू पुढे जाताना उजवा मागे येत होता, आणि गाडीच्या मधोमध खालचे स्वर एकमेकांना मारत होते. फुटक्या दारात जे घडत होतं तेच आता दोन दारांच्या मध्ये घडत होतं.

तपासायला साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. स्टिरिओमागचा कपलर सोडवला, म्हणजे करंट यंत्रात शिरत नाही. मग स्पीकरच्या दोन वायरींना सेल क्षणभर टेकवला. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसवर असेल तर शंकू बाहेर येतो, उलटा असेल तर आत जातो. धाकट्या मुलीला टॉर्च घेऊन जाळीसमोर बसवलं. उजवीकडे "बाहेर", डावीकडे "आत". जोडकपलरवर रंग ठरलेले असतात: डावा पुढचा पांढरा, उजवा पुढचा करडा, काळी रेघ असलेली वायर मायनस. गाडीच्या स्वतःच्या वायरींचे रंग मात्र वेगळे, आणि डाव्या दाराजवळ मी रंगावरून अंदाज बांधला होता. सोल्डर काढलं, वायरी अदलाबदल केल्या, वर हीट श्रिंक नळी चढवली. पंधरा मिनिटांचं काम.

पुढच्या शनिवारी तात्या एवढंच म्हणाले, "आता बसली कणीक." पूर्ण खर्चात तोपर्यंत अ‍ॅम्पचा एक रुपयाही नव्हता.

स्पीकर जोडण्याआधीच सेल लावून दोन्हीकडची दिशा बघावी आणि दोन्ही वायरींवर टेपने खूण करावी. आता कुणाच्याही गाडीत बसलो की मी बॅलन्स एकदा डावीकडून मध्ये आणून पाहतो. मित्रांच्या दोन गाड्यांत हाच दोष सापडला, दोन्ही दुकानात बसवलेल्या.

पाऊस

काम एप्रिल २०२३ मध्ये झालं होतं. जूनच्या शेवटी खानापूर भागात पाऊस लागला. कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. मलप्रभा तिथेच उगम पावते आणि जांबोटीचा रस्ता दिवसदिवस पाण्याखालून चालल्यासारखा असतो. जुलैत एका शनिवारी तात्यांच्या पायाखालची मॅट उचलली तर खालचं कार्पेट ओलं. दोन दिवसांनी कुबट वास. त्याच आठवड्यात डाव्या दारात परत भर्र सुरू झाली.

पॅड काढलं. रिंग मी एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची, केली होती, कारण तीच दुकानात तयार मिळाली. व्हर्नियर लावला: वरच्या बाजूला १८ मिमी, खालच्या बाजूला २१.४. लाकडाचा भुसा पाणी पिऊन फुगला होता, स्क्रू सैल झाले होते, स्पीकरची कड एका बाजूला उचलली होती. शंकूच्या खालच्या काठावर पाण्याचा डाग आणि चौकटीवर गंजाचे ठिपके.

पाणी आलं कुठून? ते नेहमीच येतं. काचेच्या बाहेरचं रबरी बीडिंग पाणी पूर्ण अडवत नाही; काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दार आतून ओलं होणार हे धरूनच ते बनवलेलं असतं. पाणी दाराच्या पोटातून गाडीत येऊ नये म्हणून आतल्या पत्र्यावर तो प्लॅस्टिकचा कागद असतो, चिकट काळ्या दोरीने लावलेला, खालची कड दाराच्या आत खोचलेली. तोच मी कापून फेकला होता. वरची भोकं शीटने नीट बुजली होती, पण तळाशी वायरींचा जुडगा जातो तिथे बोटभर फट राहिली होती. शिवाय तळाच्या तीन भोकांपैकी एकावर माझीच डॅम्पिंग शीट चिकटली होती. पाण्याचा जायचा रस्ता बंद आणि यायचा उघडा.

याबद्दल मला मनापासून वाईट वाटलं. स्पीकरचं नुकसान थोडक्यात निभावलं, पण तात्या महिनाभर ओल्या कार्पेटवर पाय ठेवून बसत होते आणि बोलले नव्हते.

दुरुस्ती अशी केली. शॉपमध्ये एचडीपीईच्या २० मिमी जाड पांढऱ्या शीटचा उरलेला तुकडा होता. मालकांना विचारून पैसे देऊन तो घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत लेथवर आतला व्यास १४३ मिमी काढून दोन रिंगा केल्या. हे प्लॅस्टिक पाणी पीत नाही. स्क्रू स्टेनलेसचे. रिंग आणि पत्र्यामध्ये फोमची पट्टी, रिंग आणि स्पीकरमध्ये दुसरी. स्पीकरच्या पाठीवर वरच्या अर्ध्या भागाला फोमचा छज्जा, पाणी चुंबकावर न पडता पुढे गळावं म्हणून. नवा कागद जाड पॉलिथिनचा कापला, ब्युटाइलच्या दोरीने चारी बाजूंनी चिकटवला आणि खालची कड दाराच्या आत खोचली. वायरींचा जुडगा जिथून जातो तिथे दोरीचा गोळा करून दाबला. तळाची तिन्ही भोकं मोकळी केली.

मग पॅड न लावताच अंगणातल्या नळाची पाइप काचेवर दहा मिनिटं सोडली. टॉर्च मारून बघितलं: कागदाच्या पलीकडे पाणी ओघळताना दिसत होतं, तळाच्या भोकांतून तीन धारा खाली पडत होत्या आणि अलीकडची बाजू कोरडी. हीच तपासणी एप्रिलमध्ये केली असती तर सगळं टळलं असतं. कोकण, घाट आणि खानापूर-चंदगड पट्ट्यात गाडी फिरत असेल तर ही पाण्याची चाचणी आवाजाच्या चाचणीआधी करा. एमडीएफ दारात घालूच नका.

अ‍ॅम्प

दिवाळीला चार चॅनेलचा लहान अ‍ॅम्प घेतला, दर चॅनेलला ४५ वॅट सतत देणारा. त्याचं थोडक्यात सांगतो. बॅटरीपासून वायर शुद्ध तांब्याची घेतली. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याच्या नावावर मिळते, ब्लेडने खरवडलं की आत पांढरी निघते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवला. हा फ्यूज अ‍ॅम्पला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग लागू नये म्हणून.

कंपनीच्या स्टिरिओला अ‍ॅम्पसाठी वेगळं आउटपुट नसतं, म्हणून स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल घेणारा कन्व्हर्टर लावला. गाडी सुरू केली तर स्पीकरमधून कुंई असा बारीक सूर. रेस वाढवली की सूरही चढायचा. हा अल्टरनेटरचा, म्हणजे गाडीत वीज बनवणाऱ्या यंत्राचा, आवाज. अर्थची (मायनसची) वायर मी सीटच्या पट्टीच्या रंगावरच आवळली होती. जागा बदलून पत्र्यावरचा रंग कागदाने घासून चकचकीत केला, रिंग टर्मिनल बोल्टने आवळलं, वरून गंजरोधक ग्रीस लावलं. सूर गेला. अर्थसाठी सीट बेल्टचा बोल्ट मात्र कधीही वापरू नये.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओ किती व्होल्ट देतो त्याच्याशी अ‍ॅम्प जुळवायची ती सोय आहे. वॅट गुणिले ओहमचं वर्गमूळ काढायचं: ४५ वॅट गुणिले स्पीकरचे ४ ओहम म्हणजे १८०, वर्गमूळ सुमारे १३.४. स्पीकर सोडवून, फोनवरून १ किलोहर्ट्झचा सूर लावून, स्टिरिओ तीन चतुर्थांशावर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला १३.४ व्होल्ट येईपर्यंत गेन फिरवला आणि तिथे सोडला. ८० हर्ट्झखालचे स्वर दारातल्या स्पीकरकडे जाणार नाहीत असं फिल्टर लावलं. धूम त्याने गेली नाही, उलट स्पष्ट झाली, कारण झेपत नाही ते काम स्पीकरवरून उतरलं.

गाडी बंद केल्यावर अ‍ॅम्पही बंद होतो ना, हे मल्टीमीटरने तपासलं. अर्धा अँपिअर जरी चोरून जात राहिला तरी दिवसाला १२ अँपिअर-तास होतात, आणि ३५ अँपिअर-तासाची बॅटरी तिसऱ्या दिवशी बसते. माझ्याकडे सगळं मिळून ५० मिलिअँपिअरच्या आत आहे.

खर्च आणि दुसरा पावसाळा

एकूण २०,९०० रुपये गेले. स्पीकर आणि जोडकपलर ५,५५०. अ‍ॅम्प, वायरी, कन्व्हर्टर ११,४००. दारासाठी, म्हणजे शीट, दोन्ही प्रकारच्या रिंगा, दोरी, क्लिपा यांना ३,९५०. ऐकताना सगळ्यात मोठा फरक या ३,९५० मुळे आणि दोन वायरींच्या अदलाबदलीमुळे पडला. अ‍ॅम्पमुळे महामार्गावर काच थोडी उघडी असतानाही गवई फाटत नाही, हे खरं. पण आज परत सुरुवात केली तर अ‍ॅम्प वर्षभर लांबवेन. डिकीतल्या डब्याची गरज आम्हाला पडली नाही. आवाज इतकाच ठेवतो की घाटात मागच्याचा हॉर्न ऐकू यावा.

मागच्या दारांना हात लावलेला नाही. तिथे कंपनीचेच स्पीकर आहेत, फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाची सोय) पुढे सरकवून त्यांचा आवाज कमी ठेवलाय.

२०२४ च्या सप्टेंबरात डावं दार परत उघडलं, फक्त बघायला. रिंग चारी बाजूंनी २० मिमी, स्क्रूवर गंज नाही, कागदाच्या अलीकडे धूळ कोरडी. तळाच्या मधल्या भोकात शिरसाचं एक वाळकं पान अडकलं होतं, ते तारेने काढलं. तात्या ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "पॅड लाव लवकर, सातला हरिपाठ हाय, गाडीतनंच जाऊया की."